रात्रभर उपाशी, तरी सकाळी साखर वाढलेली कशी?

रात्री अकरा वाजता, झोपण्यापूर्वी, घरच्या ग्लुकोमीटरवर १०४ हा आकडा दिसतो. त्यानंतर पोटात अन्नाचा कणही जात नाही. सकाळी साडेसहाला शेजारच्या बोटातून पुन्हा एक थेंब काढला, की तेच यंत्र १२८ दाखवते. मग तर्क सुरू होतात: यंत्र बिघडले असेल, पट्टी जुनी झाली असेल, नाही तर मध्यरात्री उठून काही तरी खाल्ले असेल आणि आता कबूल करवत नसेल. दंडाला चिकटवायचे सेन्सर आल्यापासून हे कोडे अधिकच लोकांना पडू लागले आहे, कारण वर्षातून एकदा प्रयोगशाळेच्या कागदावर दिसणारा आकडा आता दर काही मिनिटांनी फोनवर बदलताना दिसतो, आणि तो जेवणाशी काहीही संबंध नसलेल्या वेळीही बदलतो.

घरच्या यंत्राला सुमारे १५ टक्क्यांपर्यंतची चूक माफ असते, त्यामुळे एका रात्रीच्या फरकावरून काहीच ठरवू नये. पण हा फरक रोज आणि त्याच दिशेने दिसत असेल, तर यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. आपले गृहीतक चुकलेले असते. रक्तातली साखर तोंडावाटे येते एवढेच आपण धरून चालतो. प्रत्यक्षात दिवसाचे बरेच तास, आणि रात्र तर जवळपास सगळी, ती शरीराच्या आतूनच येत असते.

रक्तात साखर असते तरी किती?

रक्तातील साखर म्हणजे ग्लुकोज. अहवालातला १०० हा आकडा सांगतो, की १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम ग्लुकोज आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ५ लिटर रक्त असते. गुणाकार केला, तर संपूर्ण रक्तात मिळून ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा साखर भरते.

आता खर्च पाहू. ७० किलो वजनाचा माणूस गाढ झोपेत असतानाही त्याचे शरीर तासाला ८ ते ९ ग्रॅम ग्लुकोज वापरते. त्यातले सुमारे ५ ग्रॅम एकटा मेंदू घेतो. शरीराच्या वजनात त्याचा वाटा २ टक्के असला, तरी ऊर्जेच्या खर्चात तो २० टक्क्यांच्या आसपास आहे. तांबड्या पेशींना तर ग्लुकोजशिवाय दुसरे इंधन चालतच नाही. या हिशेबाने रक्तातला साठा पस्तीस-चाळीस मिनिटांत संपायला हवा. तरीही माणूस सात-साडेसात तास झोपतो आणि शुद्धीवर उठतो. याचाच अर्थ रात्रभरात साठ ग्रॅमच्या आसपास नवे ग्लुकोज रक्तात ओतले गेलेले असते. चमचाभर साठा एका रात्रीत बारा वेळा रिकामा होतो आणि बारा वेळा भरला जातो. सकाळी साखर 'आली कुठून' या प्रश्नापेक्षा, एवढी उलाढाल होऊनही निरोगी माणसाचा आकडा सत्तर ते शंभरच्या पट्ट्यात कसा राहतो, हा प्रश्न मला अधिक विलक्षण वाटतो.

हा पट्टा अरुंद असण्याला कारण आहे. आकडा ५५ च्या खाली गेला, की मेंदूचे काम अडखळू लागते. विचार गोंधळतात, बोलणे अडते, आणखी खाली गेला तर शुद्ध हरपते. तो १८० च्या पुढे गेला, की मूत्रपिंडांना ग्लुकोज परत शोषून घेणे पुरे पडत नाही आणि ते लघवीतून वाहू लागते. या दोन टोकांमध्येही, आकडा वर्षानुवर्षे थोडा चढा राहिला तर ग्लुकोज प्रथिनांना चिकटत जाते आणि बारीक रक्तवाहिन्या बिघडवते. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी चाचणी नेमके हेच चिकटणे मोजते.

खिसा, कपाट आणि ठेव

रात्रभर ग्लुकोज पुरवणारा अवयव म्हणजे यकृत. हे प्रथम दाखवून दिले ते फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार याने, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात. साखर तयार करणे हे वनस्पतींचे काम आणि प्राणी ती फक्त वापरतात, असे तेव्हा मानले जाई. बर्नारने केवळ मांसावर ठेवलेल्या कुत्र्यांच्या यकृतातून बाहेर पडणारे रक्त तपासले, तर त्यात साखर होती. पुढे त्याने एक यकृत शरीरातून काढून, त्याच्या रक्तवाहिन्यांमधून पाणी सोडून, साखरेचा मागमूस उरणार नाही असे धुऊन काढले आणि तसेच ठेवले. दुसऱ्या दिवशी त्याच यकृतात पुन्हा साखर सापडली. धुऊन न जाणारा असा काही साठा आत आहे, हे त्यावरून उघड झाले, आणि १८५७ मध्ये त्याने तो पदार्थ वेगळा केला: ग्लायकोजेन, म्हणजे ग्लुकोजच्या कणांची फांद्या फुटलेली लांबलचक साखळी.

घरखर्चाच्या भाषेत सांगायचे, तर रक्त म्हणजे खिसा. त्यात पाच ग्रॅमच मावतात आणि ते सतत खर्च होत असतात. यकृत म्हणजे घरातले कपाट. त्यात सुमारे १०० ग्रॅम साठवलेले असतात आणि खिसा हलका झाला की तिथून काढून भरता येतो. चरबी ही दीर्घ मुदतीची ठेव. रक्कम मोठी, पण ती मोडून ग्लुकोज फारसे हाती लागत नाही. स्नायूंमध्येही ग्लायकोजेन असते, तेही यकृताच्या चौपट, पण स्नायू हा घरातला आपल्यापुरते पाहणारा भाऊ आहे. साठ्यातले ग्लुकोज मोकळे करून रक्तात सोडण्यासाठी जे शेवटचे विकर, म्हणजे एन्झाइम, लागते ते स्नायूंकडे नसते. त्यामुळे स्नायूंचा साठा त्यांच्याच कामी येतो. मेंदूला तो थेट उसना मिळत नाही.

यकृताकडे दुसरीही एक युक्ती आहे. कपाट रिकामे होऊ लागले, की ते स्नायूंनी टाकून दिलेले लॅक्टेट, चरबीतून सुटणारे ग्लिसरॉल आणि प्रथिनांचे तुकडे घेऊन नवे ग्लुकोज घडवते. मूत्रपिंडेही यात थोडा हातभार लावतात. रात्री पुरवलेल्या ग्लुकोजपैकी बराच भाग असा नव्याने घडवलेला असतो. गोड पूर्ण बंद केलेल्या माणसाच्या रक्तातही साखर का असते, याचे उत्तर इथे आहे.

हुकूम कोणाचा?

कपाट केव्हा उघडायचे आणि केव्हा बंद करायचे, हे यकृत बहुतांशी स्वतःच्या मनाने ठरवत नाही. तो हुकूम संप्रेरकांकडून येतो. संप्रेरक, अर्थात हार्मोन, म्हणजे एका अवयवाने रक्तात सोडलेला रासायनिक निरोप. तो सगळ्या शरीरात फिरतो, पण ज्या पेशींकडे तो वाचण्याची सोय आहे त्याच त्याला प्रतिसाद देतात.

जठराच्या मागे आडवे पसरलेले स्वादुपिंड मुख्यतः पाचक रस तयार करते. त्यातच सुमारे दहा लाख सूक्ष्म पुंजके विखुरलेले असतात, आणि सगळे मिळूनही ते स्वादुपिंडाच्या वजनाचा एक-दोन टक्केच भाग होतात. १८६९ मध्ये पॉल लँगरहान्स या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बर्लिनमध्ये त्यांचे वर्णन केले. ते कशासाठी आहेत हे मात्र त्याला सांगता आले नाही. आज ते लँगरहान्सची बेटे म्हणून ओळखले जातात. या बेटांवरील बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात आणि त्यांच्याच शेजारच्या अल्फा पेशी ग्लुकागॉन. जेवणानंतर इन्सुलिन यकृताला सांगते, 'कपाट भर, बाहेर काढणे थांबव.' जेवणांच्या मधल्या काळात ग्लुकागॉन सांगते, 'काढ.'

बीटा पेशीला साखर वाढल्याचे कळते कसे, हा भाग जवळून पाहण्यासारखा आहे. तिच्याकडे वेगळे मोजमापाचे यंत्र नाही. स्वतः घास खाऊन मीठ पारखणाऱ्या आचाऱ्यासारखी ती ग्लुकोज आत घेते आणि जाळते. रक्तात ग्लुकोज जितके जास्त, तितके ते आत अधिक जळते आणि तितकी पेशीत ऊर्जा साठते. या वाढलेल्या ऊर्जेमुळे पेशीच्या आवरणातील पोटॅशियमचे दरवाजे बंद होतात, विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत घुसते, आणि इन्सुलिनने भरलेल्या बारीक पिशव्या आवरणाला चिकटून बाहेर रिकाम्या होतात. हे सगळे काही मिनिटांत घडते. सुटलेले इन्सुलिनही रक्तात अल्पायुषी असते, कारण दर पाचेक मिनिटांनी त्याचे प्रमाण निम्मे होते. जुना निरोप लवकर पुसला जातो, म्हणूनच नवा निरोप वेळेवर देता येतो.

स्वादुपिंडातून निघालेले रक्त आधी यकृतात जाते आणि मग उरलेल्या शरीरात. त्यामुळे इन्सुलिनचा निरोप सर्वांत आधी आणि सर्वांत ठळक यकृतालाच मिळतो. जवळपास निम्मे इन्सुलिन तिथेच वापरले जाते. इन्सुलिनचे इंजेक्शन त्वचेखाली घेतले, की हा क्रम उलटतो, आणि बाहेरून दिलेले इन्सुलिन नैसर्गिक इन्सुलिनची हुबेहूब नक्कल का करू शकत नाही, याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

इन्सुलिन म्हणजे किल्ली, ही उपमा कुठे अडते?

'इन्सुलिन ही पेशींचे कुलूप उघडणारी किल्ली आहे' हे वाक्य प्रत्येक माहितीपत्रकात असते. स्नायू आणि चरबीच्या पेशींपुरते ते बरोबर आहे. या पेशींनी ग्लुकोज आत घेण्याचे दरवाजे पोटात गुंडाळून ठेवलेले असतात आणि इन्सुलिन आले की ते पृष्ठभागावर आणून बसवले जातात. पण मेंदूच्या आणि यकृताच्या पेशींना ग्लुकोज आत घेण्यासाठी ही किल्ली लागत नाही. व्यायाम करणारा स्नायूही तिच्यावाचून दरवाजे उघडतो, आणि म्हणूनच इन्सुलिन नीट काम करत नसलेल्या माणसालाही चालण्याचा उपयोग होतो.

किल्लीच्या उपमेतून निसटणारी मुख्य गोष्ट अशी, की उपाशीपोटी इन्सुलिनचे सर्वांत मोठे काम दरवाजे उघडण्याचे नसून यकृताला लगाम घालण्याचे असते. रात्री थोडेसे इन्सुलिन सतत पाझरत राहते आणि ग्लुकागॉनच्या हुकमावरून चाललेले यकृताचे ओतणे आवश्यक तेवढ्यावरच रोखून धरते. हा लगाम पूर्ण तुटला, तर काय होते ते टाइप १ मधुमेहात दिसते. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच बीटा पेशी नष्ट करते. अल्फा पेशी मात्र शाबूत राहतात, आणि शेजारून येणारा इन्सुलिनचा धाक संपल्यामुळे ग्लुकागॉन मोकाट सुटते. रक्तात साखरेचा पूर आलेला असताना यकृत उपासमार समजून आणखी साखर ओतत राहते, चरबी वितळत जाते, आणि तिच्यापासून बनणारे आम्लधर्मी कीटोन रक्तात साठून माणूस दगावू शकतो. जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटो येथे अशाच अवस्थेतल्या १४ वर्षांच्या मुलाला बँटिंग आणि बेस्ट या संशोधकांनी काढलेला स्वादुपिंडाचा अर्क टोचण्यात आला. पहिला प्रयत्न फसला, कारण अर्क अशुद्ध होता. त्यांचा सहकारी, जीवरसायनशास्त्रज्ञ कॉलिप याने तो शुद्ध केल्यावर, बारा दिवसांनी सुरू झालेल्या दुसऱ्या प्रयत्नात मुलाची साखर उतरली आणि लघवीतले कीटोनही गेले.

एकटे इन्सुलिन आणि समोर चौघे

रक्तातील साखर ठळकपणे खाली आणणारे संप्रेरक एकच आहे. वर नेणारी मात्र चार आहेत: ग्लुकागॉन, ॲड्रेनॅलिन, कॉर्टिसॉल आणि वाढीचे संप्रेरक. ही मांडणी एकतर्फी वाटते, पण साखर वाढली तर अपाय व्हायला बहुधा वर्षे लागतात आणि फार उतरली तर काही मिनिटे पुरतात, हे लक्षात घेतले की चार पहारेकरी एकाच बाजूला का उभे आहेत ते कळते.

ते एकाच वेळी धावत नाहीत. साखर ८० च्या आसपास उतरली, की सर्वप्रथम इन्सुलिन हात आखडते. ७० च्या खाली जाऊ लागली, की ग्लुकागॉन आणि ॲड्रेनॅलिन उसळतात. साखर उतरल्यावर फुटणारा घाम, हाताची थरथर आणि छातीतली धडधड ही ॲड्रेनॅलिनची करणी असते. कॉर्टिसॉल आणि वाढीचे संप्रेरक यांचा परिणाम सावकाश होतो आणि तासन् तास टिकतो. ती यकृताला पुरवठा वाढवायला लावतात आणि स्नायूंना इन्सुलिनचे ऐकू देत नाहीत. तापात, शस्त्रक्रियेनंतर किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू असताना आहार तोच असूनही साखर चढते ती यामुळेच, कारण ती औषधे कॉर्टिसॉलचीच भावंडे आहेत.

पहाटेचे कोडे

आता सुरुवातीच्या १२८ कडे येता येईल. झोपेच्या पहिल्या प्रहरात वाढीचे संप्रेरक मोठ्या प्रमाणात सुटते आणि त्याचा परिणाम काही तासांनी दिसू लागतो. रात्रीच्या उत्तरार्धात कॉर्टिसॉल चढू लागते आणि जाग येण्याच्या सुमारास ते शिखर गाठते. शरीर उठून कामाला लागण्याची ही तयारी असते. या दोहोंच्या प्रभावाखाली पहाटे यकृत थोडे अधिक ग्लुकोज सोडते. वैद्यकात याला पहाटेचा परिणाम असे नाव आहे.

निरोगी माणसातही हे रोज घडते, पण त्याच्या बीटा पेशी पहाटे इन्सुलिन किंचित वाढवतात आणि आकडा जागेवर राहतो. टाइप २ मधुमेहात, किंवा त्याच्या उंबरठ्यावर, दोन गोष्टी एकत्र येतात. यकृत इन्सुलिनचे नीट ऐकत नाही, म्हणजे ज्याला इन्सुलिन-प्रतिरोध म्हणतात तो असतो. आणि बीटा पेशी आवाज आणखी वाढवून सांगण्याइतक्या समर्थ राहिलेल्या नसतात. पहाटेचा तो नेहमीचा धक्का मग आकड्यात उमटतो. प्रयोगशाळेत उपाशीपोटी केलेल्या तपासणीत वेगवेगळ्या दिवशी दोनदा १२६ किंवा अधिक आले, तर त्याला मधुमेह म्हणतात. बोटातल्या थेंबावरून मात्र निदान होत नाही.

'मग दोष यकृताचा. खाण्याचा काय संबंध?'

हा आक्षेप सोयीचा आहे, म्हणून लगेच सुचतो. यकृत इन्सुलिनचे ऐकेनासे होते त्यामागे आनुवंशिकता असते, वाढते वय असते, आणि बहुतेकदा यकृतातच साठत गेलेली चरबीही असते. ही चरबी वर्षानुवर्षे गरजेपेक्षा अधिक खाल्ल्याने आणि बसून राहिल्याने साचते, मग ते जास्तीचे गोड असो वा नसो. काल रात्री काय खाल्ले याचा सकाळच्या आकड्याशी संबंध सैल असतो. गेल्या दहा वर्षांत काय खाल्ले, याच्याशी तो बराच घट्ट असतो. वजन लक्षणीय घटले की यकृतातील चरबी उतरते आणि अनेकांचा उपाशीपोटीचा आकडा सुधारतो, हा त्याचा पुरावा आहे.

'मग रात्री न जेवता झोपले तर?'

कपाटात आत काही टाकले नाही, म्हणून ते सकाळी रिकामे मिळेल, हा हिशेब यकृताच्या बाबतीत चुकतो. जेवण टाळले की इन्सुलिन आणखी उतरते, ग्लुकागॉन वाढते आणि यकृताला ओतण्याची मुभाच मिळते. ज्यांचे उपचार इन्सुलिनने किंवा स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडणाऱ्या गोळ्यांनी चालू आहेत, त्यांच्यासाठी तर हा प्रयोग धोक्याचा आहे, कारण औषध आपला लगाम खेचत राहते आणि साखर झोपेतच कोसळू शकते. आपली औषधे कोणत्या प्रकारची आहेत हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नयेत.

टाइप २ मधुमेहात बहुधा सर्वांत आधी दिली जाणारी मेटफॉर्मिन ही गोळी मुख्यतः यकृताचे हे ओतणेच कमी करते. 'मी गोड खातच नाही, मग गोळी कशाला?' हा प्रश्न तिच्याबाबत गैरलागू ठरतो, कारण ती खाल्लेल्या गोडासाठी नसतेच.

आतड्यांचा निरोप आणि आठवड्याचे इंजेक्शन

गेल्या काही वर्षांत सेमाग्लुटाइडसारख्या इंजेक्शनांची चर्चा वजन घटवण्याच्या निमित्ताने सर्वत्र आहे. त्यांचे मूळ साखरेच्या याच कारभारात आहे. तेवढेच ग्लुकोज शिरेतून दिले तर जितके इन्सुलिन सुटते, त्याहून बरेच अधिक ते तोंडाने घेतल्यावर सुटते, हे १९६० च्या दशकात प्रयोगांनी दिसून आले. याचा अर्थ आतडी अन्न आल्याची वर्दी स्वादुपिंडाला आधीच देत असली पाहिजेत. ती वर्दी देणाऱ्या संप्रेरकांपैकी एक म्हणजे जीएलपी-१. ते बीटा पेशींना उत्तेजन देते, अल्फा पेशींचे ग्लुकागॉन दाबते, जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते आणि मेंदूला पोट भरल्याची जाणीव करून देते. इन्सुलिनपेक्षा त्याचा एक गुण वेगळा आहे: रक्तात साखर वाढलेली असेल तेव्हाच ते स्वादुपिंडाकडून जोराने काम करून घेते, आणि साखर उतरली की त्याचा आग्रहही ओसरतो. म्हणून एकट्याने दिल्यास साखर फार कोसळण्याची भीती कमी असते. मळमळ आणि उलट्या यांचा त्रास मात्र अनेकांना होतो.

औषध म्हणून जीएलपी-१ ची अडचण अशी होती, की शरीरात ते दोनेक मिनिटांतच निम्मे होते. वाट सापडली ती अमेरिकेच्या वाळवंटातील गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेत. तिच्यात जीएलपी-१ शी मिळताजुळता, पण सहजासहजी न तुटणारा रेणू मिळाला आणि त्यावरून बनवलेले एक्सेनाटाइड २००५ मध्ये वापरात आले. ते दिवसातून दोनदा टोचावे लागे. सेमाग्लुटाइडच्या रेणूला एक लांब चरबीची शेपटी जोडलेली असते. तिच्या आधारे ते रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून राहते आणि निम्मे व्हायला सुमारे एक आठवडा घेते. दोन मिनिटांचा निरोप आठवडाभर लांबवल्यामुळे तो जेवणापुरता राहत नाही. पहाटे चार वाजता, आतड्यात काही नसताना आणि कॉर्टिसॉल चढू लागलेले असतानाही, तो अल्फा पेशींपर्यंत पोहोचत असतो.